कोणते औषध कोणाबरोबर, आणि कोणासाठी

कवी केशवसुत जन्मले मालगुंडला आणि गेले हुबळीला, नोव्हेंबर १९०५ मध्ये, प्लेगने. त्या काळी प्लेगवर औषध नव्हते. पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन सापडले आणि वेळेत दिले तर त्या एकाच औषधाने प्लेगचा रोगी वाचू लागला. हुबळीचा प्लेग, पुण्याचा प्लेग आणि हाँगकाँगचा प्लेग यांत जंतू एकच होता, म्हणून रोगी कोण हे न विचारताही औषध ठरवता येत होते.

कर्करोगात ही सोय नाही. तिथे शत्रू बाहेरून येत नाही. आपल्याच पेशीच्या जनुकांत बिघाड होत जातात आणि ती पेशी घरचे नियम पाळेनाशी होते. बिघाड कोणते, हे माणसागणिक बदलते. गाल आणि हिरडी यांच्या खोबणीत होणारा कर्करोग आपल्याकडच्या तंबाखू-मशेरीचा ठरलेला प्रसाद. त्याच्या जनुकांचा मोठा अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. खारघरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आणि बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था त्यात होत्या. टीपी-५३, फॅट-१, कॅस्प-८, एचरास, नॉच-१ अशी बिघडलेल्या जनुकांची यादी त्यातून निघाली. पण यादीतले सगळे बिघाड एका रुग्णात नसतात. एकाच वाडीतल्या, एकाच पुडीतली तंबाखू मळणाऱ्या दोघांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसतील आणि आतून वेगळ्या असतील.

तेव्हा प्रत्येकाला त्याच्या गाठीप्रमाणे औषधांचे वेगळे मिश्रण द्यावे, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. ऐकताक्षणी पटणाऱ्या गोष्टी मात्र एकदा उलटून पाहाव्यात. मिश्रण मुळात का देतात, हे समजल्याशिवाय ‘वैयक्तिक मिश्रण’ या शब्दांना अर्थ येत नाही.

मिश्रणाची दोन कारणे

पहिले कारण क्षयरोगाने शिकवले. स्ट्रेप्टोमायसीन एकटे दिले की रोगी आधी सुधारे आणि काही महिन्यांनी पुन्हा खंगे, कारण औषधाला न जुमानणारे थोडे जंतू मागे उरून वाढत. १९५० च्या सुमारास त्याला दुसऱ्या औषधाची जोड दिली आणि हा प्रकार बराच आटोक्यात आला. क्षयाची गोळ्यांची मोठी पुडी आजही गावोगाव दिली जाते ती याच तर्काने. कर्करोगात हा तर्क १९६० च्या दशकात अमेरिकेत आला. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात फ्राय आणि फ्रायराइक यांनी चार औषधे एकत्र दिली. हॉजकिनच्या रोगात व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही चारच दिली, आणि जिथे मरण ठरलेले तिथे माणसे बरी होऊ लागली.

याचे गणित सोपे आहे. समजा, दहा लाख पेशींत एक पेशी ‘अ’ औषधाला दाद देत नाही आणि दहा लाखांत एक ‘ब’ला. दोन्हींना न जुमानणारी पेशी मग लाख कोटींत एक. एक ग्रॅम गाठीत साधारण शंभर कोटी पेशी धरतात. एकट्या ‘अ’पुढे हजारभर पेशी तग धरतील, दोन्हींपुढे बहुधा एकही नाही. हे गणित एका अटीवर उभे आहे: ‘अ’ला न जुमानणे आणि ‘ब’ला न जुमानणे यांचा एकमेकांशी संबंध नसला पाहिजे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा असतो. काही पेशींच्या आवरणात औषध बाहेर फेकणारा पंप असतो, आणि तो ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनाही सारख्याच निर्विकारपणे बाहेर काढतो.

दुसरे कारण फारसे बोलले जात नाही. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. हार्वर्डच्या पामर आणि सॉर्गर यांनी २०१७ मध्ये जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा तपासले. त्यांना दिसले की अनेक नावाजलेल्या मिश्रणांचा फायदा समजावून द्यायला दोन औषधांनी एकमेकांना मदत केली असे मानण्याची गरजच पडत नाही. काही रोग्यांना ‘अ’ लागू पडले, काहींना ‘ब’. दोन्ही सर्वांना दिल्यामुळे एकूण गुण येणाऱ्यांची संख्या वाढली, एवढेच.

खाडीच्या तोंडाशी जाळे टाकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाण्यात आज कोणता मासा आहे हे ठाऊक नसेल तर मोठ्या आसाचे आणि बारीक आसाचे अशी दोन्ही जाळी टाकायची. हाती लागलेली कोळंबी काही दोन्ही जाळ्यांनी मिळून धरलेली नसते. बारीक जाळ्यानेच ती धरली. मोठे जाळे ओढण्याचे श्रम मात्र दोन्ही हातांनी केले. कर्करोगात हे फुकटचे श्रम म्हणजे उलट्या, गळलेले केस, उतरलेल्या पांढऱ्या पेशी, आणि बिल.

सरसकट दिलेले मिश्रण पुष्कळ वेळा अज्ञानावरचा शहाणा तोडगा असतो. कोणाला काय लागू पडेल ते कळत नाही, म्हणून सर्वांना सगळे. मग ज्ञान वाढले तर मिश्रणे मोठी व्हायला हवीत की लहान? पुष्कळ ठिकाणी लहान. गाठ तपासून ‘या बाईला फक्त अ पुरे’ असे ठामपणे सांगता आले तर तेही वैयक्तिक उपचाराचे यशच, जरी त्यात मिश्रण उरले नाही तरी.

जिथे दोन औषधे खरोखरच एकमेकांवाचून लंगडी

अशीही उदाहरणे आहेत, आणि ती सुंदर आहेत. बीरॅफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बिघाड होतो. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात तो असेल तर बीरॅफ रोखणाऱ्या गोळीने जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी आकसतात. तोच बिघाड मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडला तेव्हा डॉक्टरांनी तीच गोळी दिली, आणि शंभरात जेमतेम पाचांना गुण आला. बिघाड तोच, औषध तेच, आणि निकाल इतका वेगळा! अ‍ॅमस्टरडॅमच्या बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये कारण शोधले. आतड्याच्या पेशीत बीरॅफचे दार बंद केले की पेशी ईजीएफआर हे मागचे दार उघडते. मेलॅनोमाच्या पेशीत ते मागचे दार जवळजवळ नसतेच. मग दोन्ही दारे एकदम बंद करायची औषधे दिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बीकन’ चाचणीत मध्य आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्या मुदतीपलीकडे जगले ती मुदत, जुन्या उपचाराने ५.४ महिने होती. दोन औषधांच्या जोडीने ८.४ झाली. तिसरे औषध घातले तेव्हा ९, म्हणजे तिसऱ्याची भर नावापुरतीच.

यातून एक गोष्ट पक्की होते. बिघडलेल्या जनुकाचे नाव कळले म्हणून औषध ठरत नाही. तो बिघाड कोणत्या घरात राहतो तेही पाहावे लागते. नुसत्या नावावर भिस्त ठेवून केलेला मोठा प्रयोग फ्रान्समध्ये झाला. त्याचे नाव, योगायोगाने, ‘शिवा’. १९५ रुग्णांत निम्म्यांना गाठीतल्या बिघाडाशी जुळणारे एकेक औषध दिले, निम्म्यांना डॉक्टरांच्या पसंतीचे नेहमीचे. रोग थोपून राहिला तो अनुक्रमे २.३ आणि २ महिने. हा २०१५ चा निकाल म्हणजे जनुक-अहवालाच्या भक्तांना थंड पाण्याचा हबका होता.

त्यावर तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगोत असलेले सिकलिक आणि रॅझेल कुर्झरॉक यांचे म्हणणे असे की एका गाठीत चार-पाच बिघाड असताना एकावरच औषध दिले तर दुसरे काय होणार? त्यांनी ‘आय-प्रेडिक्ट’ या अभ्यासात प्रत्येक रुग्णासाठी वेगळे मिश्रण योजले. गाठीतल्या एकूण बिघाडांपैकी किती बिघाडांवर औषध पडले, याला गुण दिले. निम्म्याहून जास्त बिघाड ज्यांच्यात झाकले गेले त्यांच्यापैकी निम्म्यांचा रोग आटोक्यात राहिला. इतरांत हे प्रमाण २२.४ टक्के. रोग थोपण्याची मध्य मुदत ६.५ महिने, विरुद्ध ३.१. निकाल २०१९ मध्ये आले आणि ‘प्रत्येकाला त्याचे मिश्रण’ या कल्पनेला प्रथमच थोडे आकडे मिळाले.

थोडे म्हणायचे ते एवढ्यासाठी की उपचार मिळालेले रुग्ण ८३ होते आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते. ज्याच्या गाठीत मुळात बिघाड कमी त्याचे गुण आपोआप चढतात; शिवाय ज्याची तब्येत बरी, त्यालाच दोन-तीन औषधे एकत्र सोसतात. फायदा मिश्रणाचा की त्या तब्येतीचा, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. आणि प्रत्येकाचे मिश्रण वेगळे असेल तर तुलना कशाची कशाशी करायची? समजा हाताशी ३०० औषधे आहेत. त्यांच्या जोड्या होतात ४४,८५०; तिघा-तिघांचे गट ४४,५५,१००. एकेका गटाची चाचणी घ्यायला पृथ्वीवरचे रुग्ण पुरायचे नाहीत. म्हणून या क्षेत्रात मिश्रणाची नव्हे, मिश्रण निवडण्याच्या नियमाची परीक्षा घ्यावी लागते. हे तत्त्व नीट ध्यानात ठेवले तर ‘आमच्या अहवालावरून तुमचे खास मिश्रण’ म्हणणाऱ्या जाहिरातदाराला विचारायचा प्रश्न सापडतो: तुमच्या नियमाची परीक्षा कोणी आणि कशी घेतली?

टाटात काय झाले

कोकणात कर्करोगाचा संशय आला की ‘टाटात नेले’ असे म्हणतात. परळचे हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्यामुळे आपल्याकडच्या औषध-मिश्रणांची खरी कसोटी कुठे लागली हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

एक उदाहरण फुप्फुसाच्या कर्करोगाचे. भारतीय रुग्णांत साधारण चौथा हिस्सा असा की त्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकाचा बिघाड सापडतो. त्यात तंबाखूला कधी न शिवलेल्या बायकाही बऱ्याच. अशांना जेफिटिनिबची गोळी एकटी देण्याची रीत होती. वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांत गोळीला दोन केमो औषधांची जोड देऊन पाहिली. रोग थोपण्याची मध्य मुदत ८ महिन्यांवरून १६ वर गेली. पण गंभीर दुष्परिणामही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. इथे जनुकाने गट निवडला, मिश्रण मात्र त्या गटात सर्वांना एकच. पंच्याहत्तरीची, घरात एकटी राहणारी, उलट्या झाल्या तर तालुक्याला न्यायला कोणी नसलेली बाई आणि पन्नाशीची धडधाकट शिक्षिका या दोघी चाचणीच्या भाषेत एकाच गटातल्या. त्यांना एकच सल्ला देणारा डॉक्टर चाचणी बरोबर वाचेल, बाई चुकीची वाचेल.

दुसरे उदाहरण तोंडाच्या कर्करोगाचे. रत्नागिरी जिल्ह्यात कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणचे वालावलकर रुग्णालय आणि टाटा यांनी मिळून गावोगावी तपासण्याही केल्या. या किनाऱ्यावर तोंडाचा कर्करोग पाहुणा नव्हे. तो पुन्हा उलटला किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेला की दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन देण्याची पद्धत होती. त्यासाठी खाट, सलाइन आणि दिवसभर कोणीतरी सोबत लागते. विजय पाटील, नोरोन्हा, प्रभाश यांनी त्याच्या जागी अगदी जुन्या, स्वस्त गोळ्या ठेवल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. सेलेकॉक्सिब म्हणजे सांधेदुखीची गोळी! कमी मात्रा, पण न थांबता. संगीतातल्या मेट्रोनोमच्या ठोक्यावरून या पद्धतीला ‘मेट्रोनॉमिक’ म्हणतात. मोठ्या मात्रेचा रोख पेशी मारण्यावर असतो. या बारीक ठोक्यांचा रोख गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या उगवू न देण्यावर.

या चाचणीत ४२२ रुग्ण होते आणि निकाल २०२० मध्ये आला. गोळ्यांवरच्यांचे मध्य आयुर्मान ७.५ महिने, सिस्प्लॅटिनवरच्यांचे ६.१. गंभीर दुष्परिणाम १९ टक्के, विरुद्ध ३०. पुढे त्यात एर्लोटिनिबची गोळी आली. नंतर त्या तीन गोळ्यांना निव्होलुमॅब या महागड्या औषधाची चिमूटभर मात्रा जोडली: दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४०. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० ऐवजी ४०, अठरावा हिस्सा. हे औषध प्रतिकारपेशींचा ब्रेक सोडवते, आणि सगळे ब्रेक व्यापायला फार थोडे औषध पुरते असे आधीच्या मोजमापांतून दिसले होते. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले. मध्य आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ वर.

यात एकाही रुग्णाचे मिश्रण जनुक-अहवाल पाहून ठरलेले नाही. तरी मी याला वैयक्तिक उपचारच म्हणतो, आणि ते म्हणताना जपून बोलतो. या कर्करोगावर प्रगत देशांत मान्य असलेली औषधे आपल्यासारख्या देशांत शंभरातल्या एक ते तीन रुग्णांनाच परवडतात, असे निव्होलुमॅबच्या त्याच शोधनिबंधात सुरुवातीला म्हटले आहे. ‘व्यक्ती’ म्हणजे केवळ तिचे डीएनए असे मानले तर उरलेल्या सत्त्याण्णवांचे व्यक्तिमत्त्वच नाहीसे होते. परळला दर तीन आठवड्यांनी जायचे म्हणजे मालगुंडहून रत्नागिरी, तिथून रात्रीची गाडी, नालासोपाऱ्याला भाच्याच्या खोलीत मुक्काम, आणि सोबत येणाऱ्याचीही बुडालेली मजुरी. हा खर्च औषधाच्या किमतीत कुठे छापलेला नसतो, पण तिसऱ्या-चौथ्या सलाइननंतर उपचार सुटतो तो पुष्कळदा त्याच्यामुळे. घरी बसून घेता येणारी गोळी ही त्या रुग्णाच्या शरीराशी नव्हे, आयुष्याशी जुळवलेली असते.

या चाचण्यांवर आक्षेप आहेत आणि ते फुटकळ नाहीत. तुलनेसाठी घेतलेले उपचार जगातले सर्वोत्तम नव्हते. चाचण्या बव्हंशी एकाच केंद्रातल्या. चिमूटभर मात्रेची पूर्ण मात्रेशी समोरासमोर लढत त्यात नाही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर औषध बनवणारी कंपनी स्वतःहून शोधायला निघेल, अशी आशा बाळगण्याइतका मी भाबडा नाही. तरी ‘परवडत नाही म्हणून काहीच नाही’ आणि ‘परवडेल असे, पण तपासून पाहिलेले’ यांत निवड करायची तर दुसऱ्याला तडजोड म्हणणे मला पटत नाही.

गाठीपलीकडचा माणूस

औषध गाठीवर पडण्याआधी माणसातून जाते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला आणि कानाला जाचते. शस्त्रक्रियेनंतर ‘शेक’ घेताना, म्हणजे किरणोपचारात, ते सोबत देण्याची रीत आहे. पण ज्याचे क्रिएटिनिन चढलेले किंवा ज्याला आधीच कमी ऐकू येते त्याला ते देता येत नाही. अशांना पूर्वी नुसताच शेक मिळे. टाटातल्या ३५६ रुग्णांच्या चाचणीत त्यांना शेकाबरोबर डोसिटॅक्सेल दिले तेव्हा दोन वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ३०.३ टक्क्यांवरून ४२ वर गेले. इथे जोडी निवडली ती रक्ताच्या साध्या तपासणीने आणि कानाच्या परीक्षेने. या दोन्ही गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतात.

जनुके इथेही येतात, पण गाठीची नव्हेत, माणसाची. रक्ताच्या कर्करोगात मुलांना मर्कॅप्टोप्युरिन बरेच महिने देतात. न्यूड्ट-१५ या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना नेहमीची मात्राही विषासारखी होते. युरोपात हा प्रकार विरळा, आशियात बराच आढळणारा. म्हणून तिकडच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे दुसऱ्याच एका जनुकावर भर होता. प्रोस्टेटच्या कर्करोगातले अ‍ॅबिराटेरोन उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम घ्यायचे असते. शिकागोच्या एका छोट्या चाचणीत, ७२ रुग्णांत, हलक्या न्याहारीसोबत २५० मिलिग्रॅम दिले तरी परिणाम त्याच्या तोडीचा दिसला. चौथ्या हिश्शाचे औषध, उरलेले काम न्याहारीचे.

मिश्रण घरी आले की त्यात घरातलीही औषधे मिसळतात, आणि त्यांची नोंद कोणत्याच जनुक-अहवालात नसते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रोज घेतले तर ते जीव घेऊ शकते, आणि अशा चुका जगभर झालेल्या आहेत. कंबर दुखते म्हणून वरून घेतलेली आणखी एखादी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडातून त्याचा निचरा मंदावते. एर्लोटिनिबला पोटात आम्ल लागते. सकाळी ‘अ‍ॅसिडिटीची’ गोळी घेण्याची सवय असेल तर ते पुरते शोषले जात नाही. ग्रेपफ्रूट खाऊ नका, असे पत्रकात लिहिलेले असते. ते फळ इथे कोणी पाहिलेले नसते, पण परसातले पपनस त्याच्याच कुळातले, आणि औषध पचवणाऱ्या आतड्यातल्या त्याच विकराला अडवणारे. धूर मात्र उलटे करतो. तो यकृतातली दुसरी विकरे चेतवतो आणि बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात एर्लोटिनिब लवकर संपते. म्हणून तीन गोळ्यांची पुडी घेऊन परतलेल्या रुग्णाला आरोग्य केंद्रातल्या नर्सने विचारायचे प्रश्न आधी हे: बिडी सुटली का, सकाळी उठल्यावर कोणती गोळी घेता, आणि मेथोट्रेक्सेटचा वार कोणता ठरवलात?